उंदीर, उंदिर आणि कवीची मुभा

मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली शुद्धलेखनाचे १४ नियम केले आणि १९७२ साली त्यांत आणखी ४ घातले. या १८ नियमांतला एक खास कवींसाठी आहे. पद्यात वृत्ताचं बंधन पाळताना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम काटेकोरपणे पाळणं शक्य नसेल, तर कवीला तसं स्वातंत्र्य असावं, असं तो सांगतो. कवितेत भाषेचे नियम मोडावेत की नाही हा वाद निघाला की हा नियम हमखास पुढे केला जातो, पण तो शेवटाकडून वाचला जातो. ‘कवीला स्वातंत्र्य असावं’ एवढंच लक्षात राहतं. त्याआधी तीन अटी आहेत: रचना पद्य हवी, वृत्ताचं बंधन खरोखर पाळलेलं हवं, आणि सूट घ्यायची ती फक्त ऱ्हस्व-दीर्घाची. या अटींकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही.

आज या सवलतीचा हवाला सर्वांत जास्त कोण देतं? ज्यांच्या कवितेला वृत्तच नाही, ते. मुक्तछंदात ‘आशिर्वाद’, ‘आणी’, ‘दिर्घ’ असं लिहायचं आणि कुणी बोट ठेवलं की ‘कवीला मुभा असते’ म्हणून मोकळं व्हायचं. दुसरीकडे, वृत्तात नेमकं बसवलेलं ‘उंदिर’ दिसलं की लाल शाई काढणारे संपादक आणि शिक्षक आहेत. मुभा कशापोटी मिळाली आहे, हे दोघंही पाहत नाहीत. कवीने नियम जरूर मोडावा, पण मोडल्यावर वृत्त किंवा अर्थ यांपैकी काहीतरी पदरात पडलं पाहिजे, आणि ते वाचकाला कवितेतच दिसलं पाहिजे. ‘भावना महत्त्वाची’ हे उत्तर इथे चालत नाही. भावना तर शुद्ध लिहिणाऱ्यालाही असतात.

आधी वृत्ताची बाजू पाहू, कारण तिथला हिशेब चोख आहे. ऱ्हस्व स्वराचं अक्षर लघु, त्याची एक मात्रा. दीर्घ स्वराचं गुरु, त्याच्या दोन. अनुस्वार किंवा विसर्ग असलेलं ऱ्हस्व अक्षरही गुरु. जोडाक्षराच्या आधीचं ऱ्हस्व अक्षर गुरु होतं, पण त्यावर आघात येत असेल तरच: ‘सत्य’मधला ‘स’ गुरु, ‘तुझ्या’मधला ‘तु’ मात्र लघुच. चरणाच्या शेवटचा लघु गरजेप्रमाणे गुरु धरता येतो. भुजंगप्रयात वृत्तात एका चरणात बारा अक्षरं असतात आणि लघु-गुरु-गुरु हा ‘य’ गण (गण म्हणजे तीन अक्षरांचा गट) चार वेळा येतो. रामदासांचे मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. त्यांतला चौथा श्लोक या विषयासाठी मुद्दाम लिहिल्यासारखा आहे:

मना वासना दुष्ट कामा न ये रे ।
मना सर्वथा पापबुद्धी नको रे ॥
मना धर्मता नीति सोडूं नको हो ।
मना अंतरीं सार वीचार राहो ॥

तिसऱ्या चरणाचे गण पाडा: मनाधर्, मतानी, तिसोडूं, नकोहो. ‘नीति’मधला ‘ति’ हे सातवं अक्षर आहे आणि ती जागा लघूची आहे. आजच्या नियमाने ‘नीती’ छापलं की तिसरा गण मोडला. चौथ्या चरणात मनाअं, तरींसा, रवीचा, रराहो असे गण पडतात. इथे आठवं अक्षर गुरु हवं, म्हणून ‘विचार’चा ‘वीचार’ झाला. आणि दुसऱ्या चरणात ‘पबुद्धी’ असा गण हवा, म्हणून तिथे ‘बुद्धी’ दीर्घ. नीति आणि बुद्धि हे दोन्ही एकाच जातीचे संस्कृत शब्द. चार चरणांत एक ऱ्हस्व ठेवला, दुसरा दीर्घ केला, आणि तिसऱ्याच एका शब्दाचा पहिला स्वर ताणला. गणांची जागा पाहिली तर एकही बदल हौसेखातर केलेला नाही.

पण हे तिन्ही बदल सारख्या वजनाचे नाहीत, आणि नवीन लिहिणाऱ्यांना नेमकं हेच कुणी सांगत नाही.

‘नीति’ ऱ्हस्व ठेवणं सर्वांत स्वस्त. मूळ संस्कृतात तो ऱ्हस्वच आहे. ‘कवि’, ‘मति’, ‘नीति’ अशी रूपं नियम येण्यापूर्वी राजरोस छापली जात, आणि समासात आजही आपण ‘नीतिशास्त्र’, ‘कविसंमेलन’ असंच लिहितो. वाचकाच्या डोळ्याला त्याची सवय आहे. मोरोपंतांच्या केकावलीतलं ‘सुसंगति सदा घडो, सुजनवाक्य कानीं पडो; कलंक मतिचा झडो, विषय सर्वथा नावडो’ पाहा. हे पृथ्वी वृत्त: सतरा अक्षरं, गण ज स ज स य आणि शेवटी लघु-गुरु, यति (चरणातला विराम) आठव्या अक्षरावर. दोन्ही चरणांची सुरुवात लघु-गुरु-लघु, लघु-लघु-गुरु अशी हवी. ‘सुसंगति’चा ‘ति’ चौथा आणि ‘मतिचा’चा ‘ति’ पाचवा. दोन्ही लघूच्या जागा. आजच्या लेखनाप्रमाणे ‘सुसंगती’ आणि ‘मतीचा’ केलं की दोन्ही चरण अडखळले. शिवाय मोरोपंतांच्या काळात ‘अंत्य इकार दीर्घ’ असा नियमच नव्हता. जो नियम अजून जन्मलाच नव्हता तो त्यांनी मोडला, असं म्हणणं म्हणजे आजच्या कायद्याने कालचा खटला चालवणं.

दुसरी पायरी अस्सल मराठी शब्दातला उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसऱ्या अक्षराचा, स्वर आखडण्याची. ‘फूल’चं ‘फुल’, ‘उंदीर’चं ‘उंदिर’. ही सूट थोडी महाग, तरी परवडणारी. कारण सामान्यरूपात हा स्वर आपणहून ऱ्हस्व होतो (फुलाला) किंवा गळूनच जातो (उंदराला). कानाला आखूड रूप परकं नसतं. संस्कृत शब्दांत तर मुळातला ऱ्हस्व उपान्त्य ऱ्हस्वच राहतो: मंदिर, मधुर, कुसुम. लेखनात ‘मंदिर’ आणि ‘उंदीर’ वेगळे पडले ते त्यांच्या कुळामुळे. बोलताना दोघांच्या ‘दि’त फारसं अंतर राहत नाही.

तिसरी पायरी ताणण्याची: ‘विचार’चं ‘वीचार’. ही सर्वांत महाग. आखडलेला स्वर वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो, ताणलेला मात्र उठून दिसतो. मनाच्या श्लोकांत तो खपतो, कारण ते मोठ्याने आणि चालीवर म्हणायचे श्लोक आहेत. म्हणताना ताण सुरात जिरतो. मनातल्या मनात वाचायच्या कवितेत ‘वीचार’ लिहिणाऱ्याने सावध राहावं. रामदासांनी केलं म्हणून आपणही करावं, असं होत नाही. त्यांच्यामागे म्हणणाऱ्यांचा समुदाय होता.

यापलीकडे एक हद्द आहे, ती कोणत्याही वृत्तासाठी ओलांडू नये. ऱ्हस्व-दीर्घाने शब्दच बदलत असेल तर सूट नाही. दिन आणि दीन, सुत आणि सूत, शिर आणि शीर, पाणि आणि पाणी, सलिल आणि सलील. ‘दीन उगवला’ लिहिणाऱ्याचं वृत्त सांभाळलं गेलं असेल, पण उगवलं ते काहीतरी भलतंच. तशीच सूट लिंग-वचन-विभक्तीलाही नाही. नियमात ऱ्हस्व-दीर्घ म्हटलं आहे. ‘तिचे डोळा’ त्यात बसत नाही.

आता मर्ढेकरांची ओळ: ‘पिपांत मेले ओल्या उंदिर, माना पडल्या, मुरगळल्याविण’. सोळा मात्रांचे चरण, आठ-आठचे दोन भाग. पि-पां-त-मे-ले: एक, दोन, एक, दोन, दोन, आठ झाल्या. ओ-ल्या-उं-दि-र: दोन, दोन, दोन, एक, एक, पुन्हा आठ. ‘उंदीर’ लिहिलं तर दुसऱ्या भागात नऊ. पुढच्या चरणातही ‘माना पडल्या’ आठ, ‘मुरगळल्याविण’ आठ. ‘ल्या’ जोडाक्षर असलं तरी आधीच्या अक्षरावर आघात देत नाही, म्हणून ‘पडल्या’तला ‘ड’ आणि ‘मुरगळल्या’तला ‘ळ’ लघुच राहतात.

या ओळीत नियमभंग म्हणून सगळे ‘उंदिर’कडे बोट दाखवतात. खरी गंमत शब्दक्रमात आहे. ‘ओल्या पिपात उंदीर मेले’ हा सरळ अन्वय. कवीने विशेषण नामापासून तोडून क्रियापदाच्या पलीकडे टाकलं, थेट ‘उंदिर’च्या शेजारी. मराठी वाचणाऱ्याला आधी ओले उंदीर दिसतात. पण ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे. उंदरांचं विशेषण असतं तर ‘ओले’ झालं असतं. म्हणजे व्याकरण सांगतं ओलं पीप, आणि शेजार सांगतो ओले उंदीर. दोन्ही अर्थ ओळीत नांदतात, आणि हे घडवण्यासाठी एकही नियम मोडावा लागलेला नाही. मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि सामान्यरूपं शब्दांचं नातं धरून ठेवतात, म्हणून शब्द हवे तिथे नेता येतात. ज्याला ही सोय माहीत नाही, तो उगाच मोडतोड करत बसतो.

सूट घेण्याआधी काय करून पाहावं, याचं एक साधं उदाहरण घेऊ. सोळा मात्रांच्या चालीत कुणी लिहिलं: ‘नदीच्या काठी फूल उमलले’. मोजा: नदीच्या पाच, काठी चार, फूल तीन, उमलले पाच. एकूण सतरा. एक मात्रा जास्त, म्हणून ‘फूल’चं ‘फुल’ करून सोळा केल्या. हिशेब जुळला, ओळ तरीही लंगडते. कारण ‘नदीच्या का’ इथे सात मात्रा होतात आणि ‘ठी’ हे दोन मात्रांचं अक्षर आठव्या-नवव्या मात्रेवर आडवं पडतं. आवर्तन आठवर तुटायला हवं, ते अक्षराच्या पोटात तुटलं. आता शब्द बदला: ‘नदीकिनारी फूल उमलले’. नदीकिनारी आठ, फूल उमलले आठ. ‘फूल’ दीर्घच राहिलं आणि ठेकाही मिळाला. दहांतल्या निदान सात-आठ वेळा अडचण ‘फूल’मध्ये नसतेच, दुसरीकडे असते, सूट घेणारा मात्र सर्वांत मऊ जागा पाहून तिथे बोट रुतवतो.

पर्याय शोधायला मराठी भरपूर साथ देते. ‘म्हणून’ आणि ‘म्हणुनी’ दोन्ही चार मात्रांचे, पण लघु-गुरूंची मांडणी वेगळी. ‘येऊन’ आणि ‘येउनी’ दोन्ही पाच; ‘येउन’ केलं तर चार. ‘आणि’ तीन, ‘अन्’ दोन, ‘नि’ एक. ‘मला’ आणि ‘मज’, ‘तुझा’ आणि ‘तव’, ‘विना’ आणि ‘विण’ अशा जोड्यांमध्ये एकेक मात्रेचा फरक आहे. ‘तव’, ‘मम’ आज जुनकट वाटतात हे खरं. पण ते वाटणंही एक किंमतच, आणि ती मोजायची की ‘फुल’ची मोजायची, हे कवीने ठरवावं. आधी ओळीचा अन्वय लावावा, मग मात्रा आणि यति तपासावी, मग पर्यायी रूप, मग शब्दक्रम, मग दुसरा शब्द. एवढं करूनही अडलं तर सूट घ्यावी. बहुतेकदा तिथवर जावंच लागत नाही.

आणि एक दोष ऱ्हस्व-दीर्घापेक्षा कितीतरी वाईट असूनही त्यावर लाल शाई कधीच उमटत नाही: भरीचे शब्द. मात्रा कमी पडली की ‘रे’, ‘हो’, ‘ती’, ‘च’, ‘की’ कोंबायचे. व्याकरण शुद्ध, वृत्त शुद्ध, आणि ओळ पोकळ. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात काव्यप्रकाशात पदांचे दोष सांगितले, त्यांत व्याकरणाविरुद्ध जाण्याला ‘च्युतसंस्कृति’ म्हटलं आणि चरण भरण्यापुरते घातलेल्या ‘च’सारख्या शब्दांना ‘निरर्थक’. दोन्ही एकाच यादीत. आपण पहिल्यावर भांडतो आणि दुसरा सुखाने नांदतो.

संस्कृताचा विषय निघालाच आहे तर ‘निरंकुशाः कवयः’ (कवींवर अंकुश नसतो) हे वचनही पाहावं, कारण मुभा मागणाऱ्यांचं ते आवडतं शस्त्र आहे. त्याच्या जोडीला ‘अपि माषं मषं कुर्यात् छंदोभंगं न कारयेत्’ हे दुसरं असतं. ‘माष’चं ‘मष’ केलं तरी चालेल, पण छंद मोडू नये. हे वचन मुभा म्हणून सांगितलं जातं, पण त्याचा भार उत्तरार्धावर आहे, आणि उत्तरार्ध मनाई करतो. ज्याला छंदच नाही त्याला या वचनाच्या पूर्वार्धावर हक्क कसा सांगता येईल? कालिदासानेही सूट घेतली आहे. कुमारसंभवाच्या तिसऱ्या सर्गात ‘त्र्यम्बकं’ऐवजी ‘त्रियम्बकं संयमिनं ददर्श’ असा चरण आहे. अकरा अक्षरांचा चरण हवा होता, ‘त्र्यम्बकं’ने दहाच भरत होती. एवढ्या मोठ्या काव्यातलं एक जोडाक्षर त्याने सोडवून दोन अक्षरं केली आणि टीकाकार शतकानुशतकं तेवढ्यावर थांबून बोलत राहिले. सूट किती विरळ घेतली होती, हे त्यावरूनच कळतं.

काही ठिकाणी मात्र सुटीची गरजच नसते. ओवी आणि अभंग हे अक्षरछंद. तिथे अक्षरं मोजतात, मात्रा नाहीत. ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी, कर कटावरी ठेवोनिया’ हा मोठा अभंग: सहा, सहा, सहा, चार. ‘विटेवरी’ म्हणा की ‘विटेवरि’, अक्षरं चारच. त्यामुळे आज अभंग लिहिताना कुणी ‘नदि’, ‘हरि आलि’ असं लिहून वृत्ताचं कारण सांगत असेल, तर ते कारण खोटं आहे. गझलेत याच्या उलट. उर्दूत शब्दाच्या शेवटचा दीर्घ स्वर वजनासाठी आखडून वाचण्याची रीत आहे. माधव जूलियन आणि पुढे सुरेश भट यांच्या हातून मराठी गझल घडली, ती जसं लिहिलं तसं मोजणारी. ‘मी’ लिहून ‘मि’ वाचा म्हणणं इथे बसत नाही. त्यातून काफियात, म्हणजे गझलेच्या यमकात, हात घालणं तर सर्वांत वाईट. मतल्यात (गझलेच्या पहिल्या शेरात) ‘फूल’ आणि ‘मूल’ आले की ‘ऊ’ ठरला. पुढे ‘व्याकुल’चं ‘व्याकूल’ करून काफिया जुळवला, तर ऐकणारा ज्या जागेची वाट पाहत होता तिथेच त्याला ठेच लागते.

आता मुक्तछंद. इथे वृत्ताची सबब नाही, पण स्वातंत्र्य खरं तर जास्त आहे. फक्त त्याचा हिशेब अर्थाच्या खात्यात द्यावा लागतो.

सर्वांत सोपं आणि सर्वांत परिणामकारक साधन म्हणजे विरामचिन्ह काढून ओळ तोडणं. ‘थांबू नको जाऊ’ हे तीन शब्द घ्या. ‘थांबू’ एका ओळीवर आणि ‘नको जाऊ’ पुढच्या ओळीवर टाकलं तर बोलणारा थोपवतो आहे. ‘थांबू नको’ वर आणि ‘जाऊ’ खाली टाकलं तर तो निघायला सांगतो आहे. तिन्ही शब्द एका ओळीत, स्वल्पविरामाशिवाय ठेवले, तर बोलणाऱ्याचं मनच ठरलेलं नाही. व्याकरणाच्या पुस्तकाला ही तिसरी ओळ चुकीची वाटेल; कवितेत ती कदाचित एकमेव खरी असेल. पण याच कवितेत बाकी सगळीकडेही विरामचिन्हं सैरभैर असतील, तर वाचक ही जागा निष्काळजीपणात धरेल आणि पुढे जाईल. नियमभंग दिसण्यासाठी आजूबाजूला नियम लागतो. शुद्धलेखनाकडे दुर्लक्ष करणाऱ्या कवीचं मोठं नुकसान हेच: त्याने मुद्दाम केलेलं काही उठून दिसतच नाही.

लिंगबदलाचंही तसंच. ‘पाऊस आली’ ही ओळ चूक की काव्य, हे त्या एका ओळीवरून सांगता येत नाही. कविताभर पाऊस ‘ती’ असेल, तिची पावलं, तिचा राग, तिचं परत जाणं असं सगळं त्या लिंगाला धरून चाललं असेल, तर ते कवीने घडवलेलं रूप आहे. पुढच्या ओळीत ‘गेली’ आहे आणि यमक हवं म्हणून ‘आली’ झालं असेल, आणि तिसऱ्या कडव्यात पाऊस पुन्हा ‘तो’ असेल, तर ती चूक आहे, मग कवी कितीही मोठा असो.

नवे शब्द पाडणं हाही याच घरचा विषय, जरी त्यात नियमभंग बहुधा नसतोच. मराठीत नामापासून क्रियापद करायची जुनी वाट आहे: फेस–फेसाळणे, गंध–गंधाळणे, तेज–तेजाळणे. यांत ‘आळ’ लागतो तो बहुतेक अशा शब्दांना, ज्यांचा अर्थ एखाद्या गोष्टीवर पसरतो, तिला व्यापतो. म्हणून ‘धुकं’पासून कुणी ‘धुकाळणे’ केलं तर पहिल्या वाचनात कळतं. ‘खुर्ची’पासून ‘खुर्चाळणे’ केलं तर हसू येतं, आणि विनोदी कवितेत तेच हवं असेल. असा शब्द चालेल की नाही, हे कोशात पाहून ठरत नाही. भाषेचा साचा त्याला ओळखतो की नाही, यावर ठरतं.

नियमांच्या बाजूने बोललं की एक आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे: प्रमाणभाषेचे नियम काही थोड्यांच्या बोलण्यावरून बेतले गेले, मग बाकीच्यांनी ते का पाळावेत? बोलीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हा आक्षेप शंभर टक्के खरा आहे. बहिणाबाईंच्या ‘अरे संसार संसार, जसा तवा चुल्ह्यावर’मधलं ‘चुल्ह्यावर’ ही चूक नव्हे, ते त्या बोलीचं रूप आहे. वऱ्हाडीतलं ‘मले’, ‘तुले’ हेही तसंच. सोलापूरकडे ‘मी काम केलो’ असं सर्रास बोलतात. शाळेच्या व्याकरणात कर्मणी प्रयोग मोडला, पण त्या बोलीच्या व्याकरणात काहीच मोडलं नाही. १९७२ सालच्या ‘गोलपिठा’त नामदेव ढसाळांनी मुंबईच्या वस्तीची जी भाषा आणली, ती पांढरपेशा वाचकाला अनोळखी होती; बेशिस्त नव्हती. त्या जगाचे शब्द, शिव्या, वाक्यांचा झपाटा, सगळं एका सुरात आहे. म्हणजे या कवींनी नियम मोडले असं म्हणण्यापेक्षा दुसरे नियम पाळले असं म्हणणं बरोबर. बोलीच्या नावाने सूट मागणाऱ्यालाही हाच निकष लावायला हवा. एका कडव्यात ‘मले’, दुसऱ्यात कारणाशिवाय ‘मला’, तिसऱ्यात शहरी ‘मज’, असं झालं तर ती कोणाचीच बोली उरत नाही. पात्र बदललं, बोलणारा बदलला, तर गोष्ट वेगळी. मम्मटाचं ‘अनुकरणे तु सर्वेषाम्’ इथे कामी येतं: दुसऱ्याच्या बोलण्याचं अनुकरण करताना कोणताच दोष दोष राहत नाही.

राहता राहिले संपादक, मुद्रितशोधक आणि पाठ्यपुस्तकं करणारे. त्यांची अडचण खरी आहे. महामंडळाच्याच एका नियमाप्रमाणे केशवसुतपूर्व पद्य मुळाप्रमाणे छापायचं, आणि केशवसुतांपासून पुढचं आजच्या लेखननियमांप्रमाणे. हा नियम एकटा वाचला तर मर्ढेकरांचा ‘उंदिर’ दुरुस्त करणं हे कर्तव्यच ठरतं. वृत्तासाठी मुभा देणारा दुसरा नियम त्याच यादीत आहे, याची आठवण ठेवावी लागते. व्यवहारात एक भेद पुरतो. जुन्या छपाईतले न उच्चारले जाणारे अनुस्वार बिनधास्त काढता येतात. ‘पिपांत’चं ‘पिपात’, ‘अंतरीं’चं ‘अंतरी’, ‘सोडूं’चं ‘सोडू’ केल्याने मात्रा तेवढीच राहते, कारण हे अनुस्वार जवळपास सगळे आधीच दीर्घ असलेल्या स्वरांवर आहेत. ‘हंसणे’सारख्या थोड्या शब्दांत तो ऱ्हस्वावर येतो, पण उच्चारात नसल्याने मोजणीत तिथेही धरत नाहीत. इकार-उकारांना मात्र मोजल्याशिवाय हात लावू नये. तिथे एका वेलांटीत एक मात्रा असते.

हस्तलिखित हातात आल्यावर संशयाची जागा दिसली तर पहिलं काम दुरुस्तीचं नसून मोजणीचं आहे. चरण मात्रांत किंवा गणांत बसतो आहे आणि शुद्ध रूपाने मोडतो आहे, तर तसंच ठेवावं आणि समासात ‘वृत्तासाठी’ अशी खूण करावी, म्हणजे पुढच्या प्रुफात दुसरा कुणी ‘सुधारणार’ नाही. हल्ली हा दुसरा कुणी बहुधा शब्दतपासणीचं सॉफ्टवेअर असतं आणि ते कुणालाच विचारत नाही. चरण दोन्ही रूपांत बसत असेल तर शुद्ध रूप घ्यावं. मुक्तछंद असेल आणि तीच रूपं कविताभर त्याच पद्धतीने आली असतील तर कवीला विचारावं. एकदाच आली असतील तर बहुधा टंकाची चूक आहे, तरीही विचारावं. कवी हयात नसेल तर पहिल्या आवृत्तीशी ताडून पाहावं. आणि शाळेच्या पुस्तकात ‘नीति’ किंवा ‘उंदिर’ छापताना खाली एका ओळीची टीप द्यावी: ही जागा लघूची असल्याने असं लिहिलं आहे. मग वर्गात कुणी ‘पुस्तकातच चूक आहे’ म्हणालं, तर शिक्षकाला फळ्यावर तो चरण मांडून मात्रा मोजून दाखवता येतील.